गोळेवाल्याचा फोटो छापला, बर्फाचा कारखाना राहून गेला

परवा दुपारी वाशिमात पारा 42 च्या वर. लाइट गेलेली, इन्व्हर्टर रडत होता. तेवढ्यात अमेरिकेतल्या भाच्याचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. हवाई बेटांवर सुट्टीला गेलाय. हातात कागदी कोन, त्यावर किसलेल्या बर्फाचा डोंगर, अर्धा लाल, थोडा पिवळा, थोडा निळा. खाली लिहिलेलं, "मामा, ओळखा पाहू."

आता यात ओळखायचं काय? गोळाच तो. काडी नाही एवढाच फरक.

भाचा म्हणे, इकडे याला 'शेव्ह आईस' म्हणतात. ओआहू बेटावर हालेइवा नावाचं गाव आहे, तिथं मात्सुमोतो यांचं 1951 पासूनचं दुकान आहे, आणि लोक त्याच्यासमोर उन्हात रांग लावून उभे राहतात. ओबामांचं बालपण होनोलुलूत गेलं. राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही ते सुट्टीत गेले की मुलींना घेऊन शेव्ह आईस खायला जायचे. किंमत मी रुपयात करून पाहिली आणि गप्प बसलो.

हसू आलं, पण नंतर बराच वेळ डोक्यात तेच. कारण गोळ्यावर माझी एक जुनी उधारी आहे. ती शेवटी सांगतो. आधी इतिहास, कारण तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे.

हवाईत गोळा नेला जपानी मजुरांनी. तिथं उसाचे मोठमोठे मळे होते आणि तोडायला माणसं हवी होती. 1868 साली दीडेकशे जपानी मजुरांची पहिली तुकडी गेली. पुढे 1885 पासून दोन्ही सरकारांच्या करारानं हजारो गेले. ठरावीक वर्षांचा करार, मुकादमाचा धाक, राहायला मळ्यावरच्या खोल्या. जपानात किसलेल्या बर्फावर गोड पाक घालून खायची जुनी रीत. हजारेक वर्षांपूर्वी सेई शोनागोन नावाच्या दरबारातल्या बाईनं आपल्या वहीत सुंदर गोष्टींची यादी केली आहे, त्यात नव्या धातूच्या वाडग्यातला गोड पाक घातलेला किसलेला बर्फ आहे. म्हणजे एके काळी तो राजवाड्यातला पदार्थ. तो ऊसतोड कामगारांच्या हाती आला, आणि मजुरांच्या पुढच्या पिढ्यांनी टाकलेल्या किराणा दुकानांतून तो अख्ख्या हवाईचा झाला.

आपल्या मानोरा तालुक्यातल्या, मंगरूळपीरकडच्या तांड्यांवरच्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. दिवाळी झाली की ट्रक लागतो, कोयता घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात उसावर जातात. उन्हाळा लागता लागता परत येतात. रामनवमीला पोहरादेवीची यात्रा भरते, तेव्हा त्या गर्दीत गोळ्याच्या गाड्यांवर पोरांची झुंबड बघा. ऊस तोडणारा माणूस आणि बर्फावरचा पाक, यांचं नातं तिथंही आहे आणि इथंही.

बरं, आपल्याकडे बर्फ आला कुठून?

राजे-बादशहांना तो आधीपासून मिळत होता. 'ऐन-ई-अकबरी'त लिहिलंय की अकबराच्या काळात सोरा, म्हणजे सोरमीठ, पाण्यात घालून त्यात पिण्याच्या पाण्याचं भांडं फिरवायचे आणि पाणी गार करायचे. 1586 च्या सुमारास दरबार लाहोरला गेला, तेव्हा डोंगरातून बर्फ यायला लागला. नावेनं, गाडीनं, माणसांच्या खांद्यावरून. वाटेत वितळून जे उरेल ते बादशहाचं.

त्याहून भारी युक्ती अलाहाबादकडची. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज सेनाधिकाऱ्यानं 1775 साली ती लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळवली. थंडीच्या दिवसांत मोकळ्या रानात उथळ खड्डे खणायचे, त्यात उसाची चिपाडं, कडबा असं काही पसरायचं, त्यावर मातीच्या उथळ परळांत उकळून गार केलेलं पाणी ठेवायचं. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की पहाटे परळांत बर्फाची पापुद्री धरलेली असायची, हवा गोठणबिंदूच्या वर असली तरी! मातीतून पाणी झिरपून उडतं, उघड्या आभाळाकडे उष्णता निघून जाते आणि खालच्या कडब्यामुळे जमिनीची ऊब वर येत नाही. सूर्य उगवायच्या आत मजूर ती पापुद्री गोळा करायचे, ठोकून खड्ड्यात दाबायचे, आणि उन्हाळ्यात साहेबाच्या टेबलावर सरबत.

पहाटे तीनला कुडकुडत परळ गोळा करणाऱ्यानं ते सरबत कधी चाखलं असेल का, हे तुम्हीच ठरवा.

मग आला अमेरिकन बर्फ. होय, बर्फ अमेरिकेतून यायचा. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्युडर नावाच्या व्यापाऱ्यानं 1833 च्या मे महिन्यात 'टस्कनी' नावाच्या जहाजात 180 टन बर्फ भरला आणि कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. लोकांनी वेड्यात काढलं असणार. सप्टेंबरात जहाज लागलं तेव्हा सुमारे 100 टन बर्फ शिल्लक होता.

यातलं गणित बघा. तळ्यातला बर्फ फुकट. लाकडाच्या गिरण्यांतला भुसा फुकट, तोच बर्फाभोवती भरायचा. भारतातून माल आणायला निघालेली जहाजं येताना अर्धी रिकामीच यायची, त्यामुळे भाडं कमी. तिन्ही गोष्टी ज्यांच्याकडे टाकाऊ होत्या त्यांच्याकडून घेऊन या माणसानं धंदा उभा केला. आपल्या गोळेवाल्याच्या गाडीवर आज जो भुसा आणि गोणपाट दिसतं ना, ती त्याच विद्येची शेवटची शाखा.

पुढं मुंबई, मद्रास, कलकत्ता तिन्हीकडे बर्फघरं बांधली गेली. मद्रासचं अजून उभं आहे, मरीना किनाऱ्यावर. 1897 मध्ये स्वामी विवेकानंद परदेशातून परतल्यावर तिथं राहिले होते, म्हणून आज ते त्यांच्या नावानं ओळखलं जातं. आणि थोरो ज्या वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहिला, त्याच तळ्यावर 1846-47 च्या हिवाळ्यात ट्युडरची माणसं बर्फ कापत होती. कलकत्ता, मद्रास, मुंबईचे लोक आपल्या विहिरीचं पाणी पिणार, अशा अर्थाचं त्यानं लिहूनही ठेवलंय.

मुंबईची गोष्ट तर आम्हा पत्रकारांच्या कामाची. 1834 साली अमेरिकन बर्फ मुंबईत आला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं. नंतर 'मुंबई समाचार'मध्ये आलं की यजमान आणि पाहुणे सर्दीनं आजारी पडले, थंड खाल्ल्याचं फळ! बर्फ मुंबईत उतरला आणि त्याच्या पाठोपाठ 'बर्फ खाल्ला, आजारी पडले' ही बातमीही उतरली. मीही पुढं हीच बातमी केली. सांगतो.

त्याआधी आणखी एका पत्रकाराला भेटा. जेम्स हॅरिसन. मूळचा स्कॉटलंडचा, ऑस्ट्रेलियात जीलाँग नावाच्या छोट्या गावात 'जीलाँग अॅडव्हर्टायझर' या पेपरचा संपादक. असं सांगतात की छापखान्यात खिळे ईथरनं धुताना त्याच्या लक्षात आलं, ईथर उडून जाताना धातू गारठतो. त्यानं तोच धागा धरला. 1850 च्या दशकात नदीकाठी बर्फ तयार करणारं यंत्र चालवलं, 1856 मध्ये ब्रिटनमध्ये पेटंट घेतलं. यंत्र चाललं, धंदा बुडाला. 1873 मध्ये गोठवलेलं मांस जहाजानं लंडनला पाठवायचा प्रयत्न केला, वाटेत मांस खराब झालं आणि गडी कफल्लक झाला. परत पत्रकारितेत! छोट्या गावचा पत्रकार आणि दिवाळं, हे समीकरण जुनंच आहे.

पण यंत्राचा बर्फ थांबला नाही. 1878 मध्ये कलकत्त्यात बेंगॉल आइस कंपनी निघाली आणि काही वर्षांतच अमेरिकन बर्फाचा बाजार उठला. बर्फ साहेबाच्या बंगल्यातून बाजारात आला. गोळा जन्माला यायला एवढंच हवं होतं. बर्फाची स्वस्त लादी, स्वस्त साखर आणि सुताराचा रंधा. रंधा उलटा बसवला, त्यावर लादीचा तुकडा घासला की खाली किस पडतो. तो मुठीत दाबायचा, काडी खोचायची, पाकात बुडवायची. नंतर चाक फिरवायचं मशीन आलं. गुलाब, खस, संत्रा, आणि आपला कालाखट्टा, जांभळाच्या चवीचा, वर काळं मीठ, लिंबू.

आमच्या लहानपणी वाशिम अकोला जिल्ह्यातच होतं. (जिल्हा 1 जुलै 1998 ला झाला. इंग्रजांच्या वऱ्हाडात 'बासिम' नावाचा जिल्हा होता, तो 1905 मध्ये मोडला. म्हणजे गेलेलं परत मिळवायला आपल्याला 93 वर्षं लागली. असो.) लग्नाच्या पंगतीला बर्फ लागला की कुणाला तरी अकोल्याला पाठवायचे. तरटात गुंडाळलेली लादी येईपर्यंत पाऊण व्हायची. तीच लादी लग्नाच्या सरबतात, तीच मासोळीच्या पेटीत आणि मुंबई-पुण्याहून पोरं येईपर्यंत मयत ठेवायलाही तीच.

इथंच खरी गोम आहे.

लादी कशी होते ते पाहा. कारखान्यात मिठाच्या पाण्याची मोठी टाकी असते. अमोनियाच्या यंत्रानं ते खारं पाणी शून्याच्या बरंच खाली नेतात. मिठामुळे ते गोठत नाही. त्यात पत्र्याचे उंच डबे पाणी भरून सोडतात. दीडेक दिवसात पाणी बाहेरून आत गोठत जातं. गोठताना ते हवा आणि विरघळलेले क्षार मधोमध ढकलत नेतं. म्हणून लादीच्या पोटात पांढरा धुरकट पट्टा दिसतो. गोठवल्यानं जंतू सगळे मरतात हा समज चुकीचा आहे. पुष्कळसे नुसते झोपतात. पाकात आणि पोटात गेले की जागे होतात. म्हणजे लादी तितकीच चांगली, जितकं डब्यात ओतलेलं पाणी. आणि एकबुर्जी आटत आल्यावर ज्या गावात नळ आठवड्यावर जातो, तिथं डब्यात कुठलं पाणी पडत असेल, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा. गोळेवाला तो विचारू शकत नाही. पत्रकार विचारू शकतो.

मी विचारला नाही. ती माझी उधारी.

पंधरा-सोळा वर्षं झाली. पदविका घेऊन पेपरात लागलो होतो, हात शिवशिवत होते. मे महिना. शहरातल्या एका वस्तीत दहा-बारा लेकरांना हगवण-उलट्या झाल्या. आया म्हणाल्या, "गोया खाल्ला होता." मी गेलो, कोपऱ्यावर जो गोळेवाला उभा होता त्याचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी फोटोसकट चार कॉलम, मथळ्यात 'विषारी गोळा'. मथळा माझाच. ऑफिसातून शाबासकीचा फोन आला.

त्या माणसाला आपण मामा म्हणू. फोटो काढताना ते म्हणाले होते, "भाऊ, बर्फ म्या थोडाच बनवला? जो येते तोच किसतो. तिकडं जाऊन पाहा ना."

तिकडं, म्हणजे बर्फाच्या कारखान्यात. मी गेलो नाही. का गेलो नाही? छोट्या गावातल्या पत्रकाराला बातमीही आणावी लागते आणि जाहिरातही. 15 ऑगस्टची, दिवाळी अंकाची. त्यावरच्या कमिशनवर घर चालतं. त्या कारखान्याची जाहिरात माझ्याकडे होती. कुणी मला फोन करून दम दिला नाही, पाकीट दिलं नाही. काहीच करावं लागलं नाही. माझं मीच ठरवलं की बातमी कोपऱ्यावरच संपते.

पालिकेची गाडी आली, मामांची हातगाडी उचलून नेली. मशीन परत मिळालं ते वाकडं होऊन. तो हंगाम गेला, पुढचाही गेला. मामा पुण्याकडं एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले. त्या लेकरांना नेमकं कशानं झालं होतं, ते कुणी तपासलंच नाही. ना बर्फाचा नमुना, ना रंगाचा, ना वस्तीतल्या नळाचा. लेकरं बरी झाली, बातमी जुनी झाली.

मामा पुढं परत आले. आता पाटणी चौकाच्या अलीकडे त्यांची गाडी लागते. भाच्याचा फोटो आला त्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम गेलो. फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला.

"एवढा निया रंग? कायचा हाय?"

म्हटलं, माहीत नाही मामा.

"आपल्याइकडं असा केला तं तुमीच फोटो काढसान."

हसत म्हणाले. पण लागलं.

मग मी ते बोललो, जे इतकी वर्षं बोललो नव्हतो. चुकलं माझं. कारखान्यात जायला पाहिजे होतं. मामा मशीनचं चाक फिरवत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "मले कायले सांगता आता? पेपरात छापलं ना ते, तं पेपरात सांगा." गोळा दिला, पैसे मोजून घेतले.

पेपर आता माझ्या हातात नाही. म्हणून इथं सांगतोय.

आता मुद्द्याचं. या पंधरा वर्षांत कायदे बरेच झाले. अन्नसुरक्षा कायदा 2006 चा, अंमल 2011 पासून. फेरीवाल्यांचा कायदा 2014 चा. त्यात नगर पथविक्रेता समिती आहे, तिच्यात 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांतून निवडून यायला हवेत. सर्वेक्षण आणि जागा ठरवल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही. आणि 2018 मध्ये नियम आला की खाण्यासाठी नसलेला बर्फ, म्हणजे मासे, रसायनं, मयत यांच्यासाठीचा, त्यात ठरवून दिलेला खाद्य-निळा रंग अगदी थोड्या प्रमाणात घालायचा. पांढरा तो खायचा, निळा तो नाही. इतकं सोपं, की लेकरालाही कळेल.

मला सांगा, तुम्ही निळी लादी पाहिली का? मी नाही पाहिली. सगळीकडे पांढरीच. मग एक तर जिल्ह्यात सगळा बर्फ खाण्याच्या पाण्याचा बनतो, ज्याचा मला आनंदच होईल, किंवा तो नियम कागदावर आहे.

रंगाचंही तसंच. आपल्याकडे आठच कृत्रिम खाद्यरंगांना परवानगी आहे, तीही मर्यादेत. कापड रंगवायचं रोडामाइन-बी खाण्यात चालत नाही. 2024 मध्ये तामिळनाडू आणि कर्नाटकनं त्यावरूनच 'बुढ्ढी के बाल'वर कारवाई केली. पण गोळेवाला रंग बनवत नाही. तयार बाटली बाजारातून आणतो. बाटली कुठं भरली जाते, तिथं कोण जातं?

साखळी पाहा: पाणी, कारखाना, रंगाचा ठोक व्यापारी आणि सगळ्यात शेवटी हातगाडी. तपासणी मात्र शेवटून सुरू होते आणि तिथंच संपते. कारण हातगाडी रस्त्यावर असते, तिला गेट नसतं, आणि तिची जाहिरात नसते.

मामांच्या गाडीवर सगळं आलबेल असतं, असं मी म्हणत नाही. हात धुवायला पाणी हवं, बर्फ पोत्यावर न ठेवता स्वच्छ डब्यात हवा, बाटलीवर लेबल पाहून रंग घ्यायला हवा. ते त्यांनाही सांगितलं. पण ज्याच्या हातात बर्फाचं पाणी नाही, त्याला पाण्याचा गुन्हेगार ठरवायचं काम मी एकदा केलंय. पुन्हा नाही.

सोमवारी मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून. तीनच प्रश्न आहेत. गेल्या तीन वर्षांत जिल्ह्यातल्या बर्फ कारखान्यांतून किती नमुने घेतले? निकाल काय आले? निळ्या बर्फाच्या नियमाखाली किती ठिकाणी तपासणी झाली? कायद्यानं 30 दिवसांत उत्तर द्यायचं असतं. उत्तर आलं की इथंच टाकतो, जसंच्या तसं. नाही आलं तर तेही टाकतो.

तोवर तुम्ही एक करा. रिसोड, मालेगाव, कारंजा, मंगरूळपीर, मानोरा, कुठंही असाल तिथं गोळा घ्यायला गेलात की विचारा, "काका, लादी कुठून येते?" गोळेवाल्याला दम देऊ नका, नुसतं विचारा. आणि ते नाव मला कळवा.

यावेळी मी तिकडं जाणार आहे.